पत्त्यावर आढळली नाही

पारोळ्याच्या शाळेबाहेर, निंबाखाली माझं टेबल.
यादीवर बोट फिरवतो:
जैतुनबी कासम पिंजारी, वय सदुसष्ट.
नावावर आडवी रेघ.

पत्ता म्हणजे ही शाळेमागची गल्ली,
माझ्या लग्नातली गादी
हिनंच तिथं पिंजून भरलेली.

गल्लीतली तेवीस नावं,
तेवीस हरकती, खाली एकच सही.
घरोघर जाऊन बघायचं होतं मी.
मार्च होता. पेपरांचे गठ्ठे होते.
एकही कडी न वाजवता
तेवीसदा लिहिलं, आढळले नाही, आढळली नाही.

ती म्हणते,
"मास्तर, मना घरवालाले मरीसनी सात साल व्हयनात,
त्यानं नाव शे.
मी त आठेच उभी शे."

आधार कार्ड पदरानं पुसून
पुन्हा पुढे धरते,
जणू धुळीमुळेच मला वाचता येत नाहीये.
आतून कुणीतरी ओरडतं, पुढचा.

सहाला यादी जमा केली. पोच घेतली.
घरी आलो तर गादी गच्चीवरच,
सकाळी उन्हात टाकलेली.
खांद्यावर घेऊन जिना उतरलो.
एकोणीस वर्षं झाली,
कापसाचा कुठं गोळा झालेला नाही.