सुईवर आठ आणे

बस्त्याव फर्नांडिस बोटीवर खलाशांसाठी रांधायचा.
सत्त्याऐंशी साली उतरला तो कायमचाच,
आणि खानापुरात स्टेशनरोडला, आमच्या दुकानात
एक मुका प्लेअर आणि सुतळीने बांधलेल्या
एकवीस छोट्या तबकड्या ठेवून म्हणाला,
"बघ परशराम. घाई ना."

तबकड्यांवर एका बेटाचं नाव.
अप्पांनी ते माझ्या शाळेच्या नकाशात शोधलं,
भिंग लावून, हातातली कैय्या तशीच धूर सोडत असताना.
सापडलं ते बेट होतं की छपाईचा ठिपका,
शेवटपर्यंत नक्की झालं नाही.

बस्त्याव सांगायचा,
सकाळी गाडी काढली तर जेवायच्या आत बेट संपतं.
दिवसभर केळीचे घड जहाजात चढवणारी माणसं
शनिवारी रात्री टाचेचे बूट घालतात,
रुंद काठाच्या टोप्या,
आणि अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी म्हणतात.
गुरं? असतील दोन-चार, खुंट्याला.
रेल्वे? एक फूटभर रूळ नाही.
आणि निम्मी गाणी रेल्वेचीच.

त्यातला एकजण सिप्रियन.
आडनावावर कधीतरी चहा सांडलेला.
तो गायला लागला की मागे मांडीवर आडवी घेतलेली गिटार
विहिरीत सोडलेल्या कळशीसारखी
कुठे कुठे आपटत खाली जायची.
शेजारची बसव्वा कडबू द्यायला आलेली, उंबऱ्यातच थांबली.
"याव ऊरांव?"
लांबचा, बेटावरचा, अप्पा म्हणाले.
ती थोडं ऐकत राहिली. मग मराठीत,
"रडूलालाय की ओ ह्यो. पोटभर जेवून रडूलालाय."

तिसऱ्या कडव्यात ओरखडा होता.
सुई तिथे उडायची.
अप्पांनी तिच्या डोक्यावर आठ आण्याचं नाणं चिकटवलं,
उडायची थांबली,
पण एक शब्द ती गिळायचीच.
मी नववीत, इंग्रजीला अठ्ठावन्न मार्क.
मला एवढंच लागलं:
त्या स्टेशनात मी माझं — खर्र — विसरून आलो.

काय विसरला असेल?
आई म्हणाली, पोर. दुसरं काय लागतं एवढं.
अप्पा म्हणाले, हत्यारांची पेटी.
मी म्हटलं, दप्तर, आणि मार खाता खाता वाचले.

पाटीवरून बंद होता त्या दिवशी
शटर गुडघ्याएवढं वर.
इराप्पा पेंटर खालून सरपटत आत आला,
बोटांना अजून पिवळा रंग.
आमची पाटी त्यानंच रंगवलेली, दोन्ही वेळा,
एकदा ह्या अक्षरात, एकदा त्या,
आणि पैसे एकदाचेच घेतलेले.
बाहेर कोणीतरी ओरडत गेलं, कुठल्या बाजूचं ते
शटरमधून कळण्यासारखं नव्हतं.
अप्पांनी आवाज बारीक करून सिप्रियन लावला.
दोघं बशीतून चहा पीत बसले.
खर्र आलं तेव्हा इराप्पा म्हणाला, "बायको."
मग थोड्या वेळाने, "नाही. चप्पल."

बस्त्याव तबकड्या न्यायला आलाच नाही.
प्लेअर दुरुस्त होऊन अकरा दिवस झाले होते,
तेव्हा त्याच्या बहिणीचा निरोप आला.
अप्पांनी बिल फाडलं. वस्तू कपाटावर गेली.

परवा टिळकवाडीत, माझ्या स्वयंपाकघरात,
भाचीने फोनवर तेच गाणं काढून दिलं,
धुतल्यासारखं स्वच्छ.
तिसरं कडवं आलं. मी गॅस बारीक केला.
टोपी.
टोपी विसरून आला होता तो!
एवढा कळवळा, आणि टोपी.

मी हसत सुटले, भाची बघत राहिली,
आणि पहिल्यांदा वाटलं ते हेच की अप्पांना फोन लावावा,
जो आता कोणी उचलणार नाही.

नाणं अजून सुईवरच आहे.
काढून बाजारात दिलं तर कोणी घेणार नाही.
रात्री लोंढ्याकडची गाडी गेली,
फडताळातल्या बशा थोड्या वाजल्या.
मला वाटतं इराप्पाचं बरोबर होतं,
दुसऱ्यांदा म्हणाला ते.
जवळपास बरोबर.