एक हात तार

मुलगा मॅडिसनला शिकायला गेला, तेव्हा त्याच्या खणात उरलं:
बिनजोडीचे मोजे, वाळून गेलेली डिंकाची नळी
आणि अंगठ्याएवढं एक निळं यंत्र,
लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखं खोचायचं.
फेकणारच होते.
फोनवर म्हणाला, "नको गं, रेडिओ आहे तो.
अँटेना लाव, तळ्यातली जहाजं बोलतात."

तळं म्हणे.
दुलुथच्या टेकडीवरून ईशान्येला पाहिलं
तर काठ म्हणून नाहीच.
लाटा आहेत, फेस आहे, कान कापणारा वारा आहे,
फक्त ओठांवर मीठ येत नाही.
मी वेंगुर्ल्याची. अकरा वर्षं झाली,
अजून जीभ फिरवून खात्री करते.

सोळाव्या चॅनलला पाव लाटेएवढी तार लागते.
गणित केलं, तांब्याची तार कापली,
ब्लाउजच्या टेपने मोजली: अठरा इंच.
मग सहज कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत धरली.
बरोबर एक हात!
बंदराच्या वाटेवर भिकाजी रेडकर
ह्याच मापाने सुंभ विकायचा,
आणि दर पाचव्या हाताला
कोपर हळूच दुमडून घ्यायचा.

आता रात्री, हॉस्पिटलची बिलं संपवून, ओट्यापाशी बसते.
पडद्यावर निळा धबधबा, आवाज नसलेला.
कुणी बोललं की त्यात पिवळी रेघ उठते,
हळदीचं बोट ओढल्यासारखी.
यंत्र स्वस्तातलं. तापलं की आकड्यावरून घसरतं,
अर्ध्या तासाने कान पिळून जागेवर आणावं लागतं.
खरखर गिळणारी एक पट्टी आहे,
जास्त ओढली तर लांबची माणसंही गिळते.
मी ती कमीच ठेवते.
असू दे थोडी खरखर.

जहाजं मोठं काही बोलत नाहीत.
"दोन तासांत कालव्याच्या तोंडाशी येतो."
"खनिजाचा धक्का रिकामा आहे का?"
"आमचा स्वयंपाकी कांदे विचारतोय."
पूल उचलणारी बाई सगळ्यांना एकाच सुरात
"बरं, कॅप्टन" म्हणते,
आणि हवामान सांगणारा यांत्रिक पुरुष
न जांभई देता: लाटा सहा ते नऊ फूट,
लाटा सहा ते नऊ फूट.

नोव्हेंबरात एकदा, दीडच्या सुमाराला,
एक म्हातारा आवाज:
"रेडिओ चेक, रेडिओ चेक, कुणीही स्टेशन,
मी लॉरेन के."
कुणी नाही.
पुन्हा. मध्ये खोकला.
पुन्हा. आता नुसतं "कुणीही."

माझ्या यंत्राला कान आहेत, तोंड नाही.
हे मला ठाऊक होतं.
तरी उठून उभी राहिले आणि खिडकीकडे ओरडले,
तेही मालवणीत:
"येता हो, आयकाक येता!"

वरून नवऱ्याने विचारलं, कोण आलंय?

मग पूलवालीचा आवाज आला, तोंडात घास असावा:
"लॉरेन के, स्पष्ट ऐकू येतंय."
तो म्हणाला, "बरं झालं. नवी वायर टाकली होती,
तेवढंच बघायचं होतं."
आणि रेघ मिटली.
चहा गार झाला होता, तोच प्यायले.

जानेवारीच्या मध्यावर कालव्याची दारं बंद होतात.
जहाजं धक्क्याला बांधून, इंजिनं खोलून पडलीत.
पडदा कोरा निळा.
यांत्रिक पुरुषही आता लाटांचं नाव काढत नाही.
तार खिडकीबाहेर तशीच आहे,
बर्फ चढून मनगटाएवढी जाड झालेली.
रेडकर असता तर निरखून म्हणाला असता,
"बाय, ही आता हातावर नको,
वजनावर इकूया."