चष्मा घरी राहिला

मोखोत्लोंगच्या सभागृहात दोन दिवसांचं प्रशिक्षण.
पत्र्यावर रात्रीचा बर्फ, खाली एकच पॅराफिनची शेगडी,
आणि तिच्याकडे इंचाइंचाने सरकणाऱ्या
अठरा प्रौढशिक्षकांच्या अठरा खुर्च्या.

मासेरूहून आलेल्या पुलेंगबाईंनी
भिंतीवर तक्ता चिकटवला: ‘शिकणाऱ्याकडून शिकूया’.
एक कोपरा सुटला. दाबला. पुन्हा सुटला.
मी मनात म्हटलं, चौदा हिवाळे
मेंढपाळांना रात्री शिकवतोय,
आता मला कोण काय शिकवणार?
जेवण बरं असतं. प्रवासभत्ता मिळतो.
म्हणून आलो.

मग बाईंनी कागद वाटले.
वर अक्षरं होती, पण कुठल्याच देशाची नाहीत.
त्यांनीच रचलेली:
आकडे, ठिपके, घोड्याचे उलटे नाल,
एक कुठलंसं खाच पाडलेलं पान.
म्हणाल्या, वरच्या किल्लीवरून लावा. दहा मिनिटं.
मग एकेकाने मोठ्याने वाचायचं.

शेजारच्या मामोहाऊंनी दोन ओळी लावल्यासुद्धा,
ओठ हलवत, बोट सरकवत.
माझी पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली,
नदीच्या काठावर अडलेल्या तट्टासारखी.
एका खुणेवरून दुसरीवर जाईपर्यंत
पहिली पुसून जायची डोक्यातून.
कानांच्या पाळ्या तापल्या. त्या थंडीत.

बाई रांगेतून येऊ लागल्या.
त्यांच्या बुटांचा आवाज, चार खुर्च्यांवर,
तीन,
आणि मी ब्लँकेटखाली छातीच्या खिशावर हात ठेवला
(चष्मा तिथेच होता, काडी बोटांना लागत होती)
आणि म्हणालो,
“आज नेमका चष्मा घरी राहिला.”

कुणी हसलं नाही.
बाई “बरं” म्हणाल्या, पुढे गेल्या.

ते “बरं” माझ्या ओळखीचं होतं.
दर मंगळवारी मी ते मोत्लात्सीला देत आलो,
ज्याच्याकडे चष्मा कधी नव्हताच,
आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.
एकदा तर सगळ्यांदेखत विचारलं,
“काय रे, तुझ्या चष्म्याला पाय फुटलेत का?”
वर्ग हसला. तोही हसला.
नंतर तीन आठवडे आला नाही.
हजेरीपटात मी लिहिलं: लोकर कातरणी.
कातरणी संपून महिना झाला होता.

दुसऱ्या दिवशी गटचर्चा, रंगीत चिठ्ठ्या,
दुपारी मटण आणि मक्याचा पापा.
शेवटी अभिप्रायाचा फॉर्म:
‘या प्रशिक्षणातून आपण काय शिकलात?’ तीन रेघा मोकळ्या.
मी बराच वेळ बसलो.
लिहिलं, जेवण उत्तम होतं.
भत्त्याच्या यादीवर सही केली. आली ती सरळ, नेहमीसारखी.

मंगळवारी रात्री दगडी खोलीत
कुत्री दाराशी, काठ्या भिंतीला टेकवलेल्या,
मोत्लात्सीने पुस्तक उघडलं, मिटलं,
खिसा चाचपला.
“न्ताते, आज चष्मा…”

बरं म्हणायला तोंड उघडलं होतं मी.
पुस्तिकेत नवव्या पानावर याचा उपाय दिलाय, तो आठवेना.
बाकाच्या त्याच्या टोकाला जाऊन बसलो,
पुलेंगबाईंचा कागद घडीतून काढला.
“मला हे वाचता आलं नाही,” म्हणालो.

त्याने कागद दिव्याजवळ धरला.
किती वेळ. काच काजळत गेली.
मग काळं, फुटलेलं नख त्या खाचेच्या पानावर ठेवलं.
“ही तर मेंढीच्या कानाची खूण.
नदीपलीकडच्या सेखोबेच्या कळपाची.”
“आणि ही?”
“ही नाही ठाऊक.”
नख पुढे सरकलं, थांबलं, मागे आलं.
“पण ही इथे तीनदा आलीय.”