पाचवा पाय

त्या बकरीला मी पाच पाय काढले होते.
प्रूफ बघताना कुणाला दिसलं नाही,
मलाही नाही.
तीन हजार छापून झाल्यावर
बाइंडिंगवाले रज्जाकभाई फर्मे घडी घालता घालता म्हणाले,
"ताई, ही बकरी कुठल्या गावची?"

तेव्हा एका चित्राचे तीस रुपये मिळत.
आपटीकर निम्मे रोख द्यायचे,
उरलेल्याची पुस्तकं घ्या म्हणायचे.
शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीत
कॉटखाली माझेच हत्ती रचलेले.

राक्षसाला मिशा दिल्या
वीजबिल घेणाऱ्या कारकुनाच्या.
राणीला गीताच्या सासूचं नाक.
परी काही जमली नाही कधी,
तिचे पाय जमिनीला लागायचेच.

बकरीबद्दल आपटीकर दोन महिने बोलले नाहीत.
मीही पुढे
सशाचे कानसुद्धा मोजून काढायला लागले.

परवा अप्पा बळवंत चौकात
फुटपाथवर ते पुस्तक दिसलं.
कव्हर गेलेलं, पाठीला चिकटपट्टी.
बकरीच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं
पायांखाली आकडे घातलेले,
एक ते पाच, पाचाखाली दोन रेघा.

आणि पुढच्या पानापासून
गाईला एक पाय जास्त,
मांजराला एक,
कावळ्याला तर तीन.
पुस्तक संपेपर्यंत कुणालाच सोडलं नव्हतं.

विक्रेता चाळीस म्हणाला.
पान फाटलंय, कुणी गिरगटलंय बघा,
असं म्हणत मी वीसवर आणलं.

घरी दिव्याखाली धरून पाहिलं.
कावळ्याचा तिसरा पाय
माझ्या दोन्हींपेक्षा बरा होता.