आपोआप उठणाऱ्यांची यादी

खानापूर स्टेशन रोडवरच्या सोसायटीचा कॉम्प्युटर
साडेनऊला बटण दाबलं
तर नऊ चौतीसला जागा होतो.
"उठूलंय अजून," गुंडू शिपाई
कट्ट्यावरच्या पिग्मी एजंटांना सांगतो
आणि ते मान हलवतात,
म्हातारा आंघोळीला गेलाय म्हटल्यागत.

मी उद्यमबागेतून आलो, डब्यासकट.
बाहेर कन्नड पाटी, आत मराठी खतावणी,
आणि काळ्या पडद्यावर तिसऱ्याच भाषेत
एक लाल तारा इकडून तिकडं:
वाट बघतोय. दीड मिनिटातलं एक मिनिट दहा.
कुणाची?
नंदगड शाखेच्या सर्व्हरची.
शाखा बंद होऊन तीन वर्षं झाली,
सर्व्हर भंगारात गेला, किलोवर.
याला कुणी सांगितलंच नाही.

लिनक्सला यादी मागितली: कोण उठतं, किती वेळ खातं.
ब्लूटूथ, ज्याच्याशी इथं कुणी बोलत नाही.
छपाईची सर्व्हिस, प्रिंटर विकल्यावरही रोज हजेरी लावणारी.
मोडेम सांभाळणारा एक. मोडेम कधीच नव्हता.
नुसतं स्टॉप म्हटलं तर आजच्यापुरतं झोपतात,
उद्या सकाळी पुन्हा दारात.
डिसेबल म्हणजे उद्याचं बोलावणं नाही,
पण दुसऱ्या कुणी हाक मारली की उठतातच.
म्हणून नंदगडला मास्क:
नावाच्या जागी खड्डा. मारा हाक, हाक खड्ड्यात.

मॅनेजर कणबर्गीबाई खुर्चीमागं उभ्या.
"ह्यानं ठेवी कमी होत नाहीत न्हवं?"

यादीच्या तळाला एक अनोळखी. मुतगेकर.
एवढंच नाव. वर्णन कोरं.
वेळ, दोन दशांश सेकंद.
परशराम मुतगेकर, इथले जुने क्लार्क,
रिटायर होऊन मुलाकडं हुबळीला गेले,
गेल्या वर्षी तिकडंच वारले.
गेलेल्या माणसाची सर्व्हिस कशाला चालू,
म्हणून न उघडताच
तीही डिसेबल.
बूट एकतीस सेकंदांत. गुंडूनं टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन.
रात्रभर लाईट नव्हती, आणि सोसायटीत
शुक्रवार, सतरा एप्रिल दोन हजार पंधरा उजाडला होता.
शेवंता बस्तवाडकर खिडकीशी, पासबुक पुढं करून,
आणि यंत्र म्हणतं
हे खातं अजून उघडलेलंच नाही.
"मग माझा नवरा हाय म्हणा की," त्या म्हणाल्या.
रांगेत कुणीतरी हसलं.
मग कुणीच नाही.

तेव्हा उघडून बघितली. सात ओळी.
मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल केव्हाच मेलेला,
लाईट गेली की यंत्राला दिवस आठवत नाही.
मुतगेकर काय करत,
नेटवर्क उठलं रे उठलं, खतावणीच्या आधी,
राउटरला आजची तारीख विचारत
आणि यंत्राच्या कानात सांगत.
रोज. हुबळीला गेल्यावरही. वारल्यावरही.
पहिल्या ओळीत टीप, इंग्रजी अक्षरांत मराठी:
काढू नये. प. मु.

एनेबल केली.
मग बसस्टँडमागच्या घड्याळवाल्याकडून
चाळीस रुपयांचा सेल आणून बसवला,
पावती सोसायटीच्या नावानं.
आता यंत्राला दिवस आपला आपण कळतो.

"मग ती काढायची न्हवं?" कणबर्गीबाई.
डबा कालच्यासारखाच उघडायचा राहिलेला.
कट्ट्यावर एजंट आपापली मशिनं घेऊन उठले होते,
शेवंताबाईंना आतल्या बाकावर चहा दिला होता,
त्या पासबुकातलं पहिलं पान बघत होत्या, पैशांचं नव्हे, फोटोचं.

मी ऐकलं नाही असं दाखवलं.
वर्णनाच्या कोऱ्या जागेत टाइप करत होतो:
तारीख सांगतात.