खाच

उधाणानं पुळण कापली, आणि सुरूच्या मुळांतून
आधी एक कवटी दिसली, मग तिच्यामागची.
पोलीस आले, पंचनामा झाला,
‘अनोळखी, जुने’ असं लिहून त्यांनी आम्हाला फोन लावला.

देवगडच्या खाली, खाडीच्या तोंडाशी.
मे महिना, शाळेला सुट्टी,
म्हणून दुसरीच्या वर्गात मांडली माणसं
बाकं जोडून, वर बारदान, वर कोरा कागद.
फळ्यावर एप्रिलची पटसंख्या तशीच होती:
मुलगे अकरा, मुली नऊ.
आमची पटसंख्या चौदा.
त्यातली पाच दुसरीपर्यंत पोचलीच नव्हती.

हाडं उन्हात ठेवायची नाहीत.
मीठ मुरलेलं हाड घाईनं वाळलं की तडकतं.

गावाला एकच हवं होतं: आमचे की त्यांचे?
सरपंच दोनदा आले, मोहल्ल्यातून दाऊद सोलकर एकदा.
चहा कुणीच घेतला नाही.
मी म्हटलं, मांडीचं हाड उंची सांगतं,
कमरेचं सांगतं बाई की बाप्या, बहुतेक वेळा,
खांदा सांगतो वल्हं किती वर्षं मारलं,
घोट्यापुढची घासलेली जागा सांगते
की जन्म उकिडवं बसून गेला, कालवं फोडत.
देव हाडात उतरत नाही.
“मग एवढं शिकून काय मिळवलंत?”
सरपंचांनी खरोखर विचारलं, टोमणा नव्हता.

नववी बाई होती. तिशीची, फार तर पस्तिशीची.
वरच्या पुढच्या दाताला अर्धगोल खाच,
बोट फिरवलं तर गुळगुळीत.
चार दिवस मी तिथंच अडले.

द्वारका तारी शाळा झाडायची, किल्ली तिच्याकडे.
पाचव्या दिवशी उंबऱ्यात बसून नवऱ्याचं जाळं विणत होती,
दोरा दातात ताणून, दोन्ही हात मोकळे.
म्हटलं, दात दाखवा.
ती हसली, पदर तोंडावर. मग दाखवला.
टॉर्च, मोजपट्टी. दोन मिलिमीटरला जरा कमी.

नऊ नंबरवर ती वाकली, नाक न मुरडता.
“हिची माझ्यापेक्षा खोल असा.
हिच्या टायमाक नायलॉन खंयचा गो?
सणाचो दोरो. दात खाता तो.”
वहीत मी ते तसंच उतरवलं, तिच्या नावानिशी.

मग तिला सुळ्यावरच्या आडव्या रेघा दाखवल्या.
दात घडत असताना ताप आला, उपास पडले
की तिथं रेघ राहते,
पुढं माणूस कितीही जेवलं तरी.
हिला दोन. तिसऱ्या वर्षी एक, चौथ्यात एक.
“आवशीक म्हायत असतला,” द्वारका म्हणाली,
आणि पुढं काही बोलली नाही.

माझ्याही सुळ्यावर एक आहे.
त्या रात्री आईला विचारलं,
मी चार वर्षांची असताना काय झालं होतं?
काही नाही, म्हणाली, चांगली गुटगुटीत होतीस.
मग म्हणाली, ठेवते, दूध उतू जातंय.
रात्रीचे साडेदहा वाजले होते.

जूनच्या आत वर्ग रिकामा करायचा होता.
अहवालात वय, लिंग, उंची, झीज.
पेट्यांवर नुसते आकडे.
“नव. नाव नाय?”
नाही, म्हटलं.
सुतळी द्वारकानंच आवळली.
कात्री तिथंच होती, हाताशी.
तिनं दातानं तोडली.