खोड

इसाकभाईनं निरोप धाडला, जरीनाला बघून जा.
परभणीत, जिंतूर रोडला, सरकीच्या गोदामामागं
आठ बाय दहाचं पत्र्याचं शेड. भाद्रपदाचं ऊन.
घोडी उभी होती. डुलत होती.
डावा पाय, उजवा पाय, मान इकडं, मान तिकडं,
जागच्या जागी,
पाळण्याची दोरी कुणी तिच्या मणक्याला बांधून
निघून गेल्यासारखी.

खुरांखाली दोन खळगे पडलेले,
वाटीएवढे, गुळगुळीत.
मी एकात बोट घालून पाहिलं. दुसरं पेर बुडालं.
दवाखान्याच्या रजिस्टरात याला रकाना नाही.

"आषाढापासून मुहूर्त नाही," इसाकभाई म्हणाला,
"तुळशीच्या लग्नापर्यंत नुसती बसून खाती."
बसती कुठं, मी म्हणालो.

मग ती थांबली. गव्हाणीवरचं आडवं खोड
वरच्या दातांत धरलं, मान ताठ केली
आणि हवा गिळली.
ढेकरच, पण उलटा.
बाभळीचं लाकूड, कुरतडून कोरीएवढं उरलेलं.
त्यानं आधी मिरची चोपडली होती. मग डांबर.
मग पत्रा ठोकला.
पत्रा आता आरशासारखा चमकत होता.

माळेगावच्या जत्रेत घेतली तेव्हा
भोवरे बघितले सगळे, कपाळाचा, छातीचा,
कानामागचासुद्धा.
गळ्यातला पट्टा तेवढा सोडून बघितला नाही.
गोंडे लावलेला, आवळ.
विकणारा म्हणाला होता, नजर लागू नये म्हणून.

"जित्याची खोड, डॉक्टर," इसाकभाई हसला.
मी डॉक्टर नाही, ड्रेसर. हेही त्याला दरवेळी सांगतो.

औषध नव्हतं. कागदावर लिहिलं:
रोज दोन तास मोकळी सोडणे.
कडबा एकदम नको, थोडा थोडा, दिवसभर.
शेजारी एखादी शेळी.
त्यानं कागद वाचला, घडी करून टोपीत खोचला.
"सोडू कुठं?"
बाहेर सरकीचा ट्रक मागं येत होता,
येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या.

मार्गशीर्षात दिसली. वसमत रोडला, वरातीत.
पायात चाळ, कपाळावर आरशांची पट्टी,
वर नवरदेव, मोबाइलमध्ये.
काय नाचती राव, लोक म्हणत होते,
दहाच्या नोटा ओवाळत होते तिच्यावरून.

तेवढ्यात जनरेटर बसला.
बँजो बंद, दिवे बंद.
डिझेल आणायला कुणीतरी पळालं.

अंधारात चाळ वाजतच होते.
इसाकभाईनं तिच्या मानेवर हात ठेवला,
आणि तो हातही
इकडं, तिकडं.